जुना स्प्लिटर उघडण्याआधी

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन या राज्यांत जळणाचा हिशेब कॉर्डमध्ये होतो. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रास रचली की ती एक कॉर्ड, म्हणजे १२८ घनफूट. घर जुने असेल, खिडक्यांच्या फटींतून वारा येत असेल आणि सगळी मदार लाकडावरच असेल, तर एका हिवाळ्यात पाच-सहा कॉर्ड सहज जळतात. हे लाकूड नुसते तोडून भागत नाही. त्यातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला नाही तर ते नीट पेटत नाही, धूर करते, आणि त्या धुराचा चिकट काळा थर धुराड्यात साचून एखाद्या रात्री धुराडेच पेट घेते. साल शाबूत असलेला गोल ओंडका आतून लवकर वाळत नाही. तो फोडावाच लागतो. ओकसारखे जड लाकूड तर फोडून रचल्यावरही दोन उन्हाळे मागते.

बर्फ वितळून रस्त्यांवरचा चिखल सुकला, की या गावांमधून एक ठरावीक आवाज ऐकू येऊ लागतो. एका लयीत चालणारे छोटे पेट्रोल इंजिन, लोड आला की खाली बसणारा त्याचा सूर, आणि मग लाकूड दुभंगल्याचा 'काड्' असा आवाज. हा लॉग स्प्लिटर. रचना साधी असते. इंजिन पंप फिरवते, पंप टाकीतले तेल ओढून दाबाने व्हॉल्व्हकडे ढकलतो, व्हॉल्व्हचा दांडा ज्या बाजूला कराल त्या बाजूने तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनचा रॉड ओंडक्याला पोलादी पाचरीवर रेटतो. आपल्याकडच्या वखारीत घण आणि पाचर घेऊन माणूस जे करतो तेच काम इथे तेल करते. फरक इतकाच, की तेल थकत नाही आणि मध्ये लाकूड आहे की हात, हे त्याला कळत नाही.

या पुस्तकाचा विषय नवा स्प्लिटर नाही. नवा घ्यायचा असेल त्याने दुकानात जावे, पैसे मोजावेत, पुस्तक कशाला वाचायचे? १९७३ च्या तेलसंकटात घर तापवण्याचे तेल महागले आणि न्यू इंग्लंडमधली माणसे मोठ्या संख्येने लाकडाकडे वळली. 'व्हरमाँट कास्टिंग्ज' ही स्टोव्ह बनवणारी कंपनी १९७५ मध्ये रँडॉल्फ गावात सुरू झाली ती याच लाटेत. स्टोव्ह आले तसे स्प्लिटरही आले. काही कारखान्यांत बनले, पण कितीतरी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात किंवा शेतकऱ्याच्या कोठारात जन्मले. भंगारातला बीम, मोडीत काढलेल्या गाडीचा आस, कुठल्याशा ट्रॅक्टरचा सिलिंडर. त्यांतले पुष्कळ आजही कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभे आहेत. मालक म्हातारे झाले, काही गेले, आणि यंत्रावर 'विकणे आहे' अशी हाताने लिहिलेली पाटी लागली. असे यंत्र नव्याच्या चौथाई किमतीत मिळू शकते. ते घ्यावे का, घेतले तर आधी काय तपासावे, काय दुरुस्त करावे, काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, एवढाच या पुस्तकाचा पसारा.

हे मराठीत कशाला, असा प्रश्न येणारच. या राज्यांत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या माणसांनी गावाबाहेर घरे घेतली, घराबरोबर स्टोव्ह आला, मागच्या शेडमध्ये गंजलेला स्प्लिटरही आला. यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नाही. दुसरा वाचक महाराष्ट्रातला आहे. जेसीबीचे सिलिंडर खोलणारे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करणारे, साखर कारखान्यात मिलच्या वरच्या रोलरवर दाब धरून ठेवणारे हायड्रॉलिक सांभाळणारे फिटर आपल्याकडे हजारोंनी आहेत. हाताला सगळे येते, पण त्या विद्येबद्दल मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. मी स्वतः त्या दुसऱ्या जातीचा, पुढे पहिल्यांत जाऊन बसलेला. त्यामुळे दोघांनाही कळेल असे लिहायचा प्रयत्न आहे. फिटरमंडळींनी पहिली दोन प्रकरणे वगळली तरी चालेल.

पुस्तकभर एकच यंत्र समोर ठेवले आहे. आठ हॉर्सपॉवरचे इंजिन, मिनिटाला पाच गॅलन तेल देणारा एकेरी पंप, चार इंच बोअरचा, दोन इंच रॉडचा आणि चोवीस इंच स्ट्रोकचा सिलिंडर, आणि दाब २००० पीएसआयला (चौरस इंचाला तितके पौंड) पोचला की उघडून तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह. त्या काळातले हे अगदी बेताचे यंत्र. आता त्याचे गणित मांडू. चार इंच व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. त्यावर २००० पीएसआय म्हणजे सुमारे २५,००० पौंड. अमेरिकी मापात साडेबारा टन. पिस्टन पूर्ण बाहेर यायला ३०२ घनइंच तेल लागते, गॅलनमध्ये १.३. पाच गॅलनच्या पंपाला त्यासाठी सोळा सेकंद लागतात, आणि परत जायला आणखी बारा. एका ओंडक्याच्या एका फोडीमागे अर्धा मिनिट नुसते बघत उभे राहायचे.

जुने यंत्र घेणारा नेमकी इथे चुकीची तक्रार करतो. त्याला वाटते, यंत्रात ताकद कमी आहे. शेजाऱ्याच्या नव्या यंत्रावर मोठ्या अक्षरात टनांचा आकडा रंगवलेला असतो, तो डोक्यात बसतो. मग तो पाच इंच बोअरचा सिलिंडर शोधायला निघतो. पण लाकडाला विचारून पाहिले का? सरळ तंतूंचे ॲशचे लाकूड फोडायला या यंत्राच्या दाबाचा छोटासा हिस्सा पुरतो. पाचर दोन इंच शिरली की ओंडक्याचे आपण होऊन दोन भाग होतात. आणि ईशान्येत हल्ली जळणाला ॲश उदंड आहे, कारण तो मरतो आहे. ॲशची साल पोखरणारा आशियाई हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१३ मध्ये न्यू हॅम्पशायरला पोचला, २०१८ मध्ये व्हरमाँटला. ज्याच्या अंगणात असा ॲश पडला आहे त्याला साडेबारा टन पुरून उरतात. याउलट एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले. तो फुटत नाही, फाटतो, शेवटच्या इंचापर्यंत धरून ठेवतो. मोठ्या गाठीच्या मेपलचेही तेच. अशा लाकडाला दाब हवा, हे खरे. पण शंभरातले असे ओंडके किती? तेवढे बाजूला ठेवून चेन सॉने कापले तरी काम होते.

बहुतेक जुन्या यंत्रांना ताकद नको असते, वेग हवा असतो. त्यासाठी सिलिंडर तोच ठेवून पंप बदलावा. दोन टप्प्यांचा गिअर पंप आज सहज मिळतो. त्यात गिअरच्या दोन जोड्या असतात. दाब कमी असेपर्यंत दोन्ही जोड्या मिळून मिनिटाला अकरा गॅलन तेल देतात. पाचर लाकडात रुतली, दाब साधारण ६५० पीएसआयच्या वर गेला, की मोठ्या जोडीचे तेल आतल्या आत परत फिरते आणि छोटी जोडी एकटी पावणेतीन गॅलन तेल पूर्ण दाबाने देत राहते. इंजिनावरचा भार पाहा. पाच गॅलनला २००० पीएसआय द्यायचे तर निव्वळ ५.८ हॉर्सपॉवर लागते, पंपाचा अपव्यय धरला तर सातच्या घरात. दोन टप्प्यांच्या पंपाला ६५० वर अकरा गॅलनसाठी ४.२ पुरते आणि दाब २५०० धरला तरी पावणेतीन गॅलनसाठी ४. इंजिन लहान चालते, आणि रिकामी ये-जा अठ्ठावीस सेकंदांवरून साडेबारावर येते. अख्ख्या पुस्तकातला हा सर्वांत फायद्याचा बदल आहे आणि त्याला सगळ्यांत कमी वेल्डिंग लागते.

अर्थात पंप बदलला म्हणजे काम संपले असे नाही. पिस्टन मागे येताना रॉडच्या बाजूला तेल शिरते. तिथे रॉडने जागा व्यापलेली, म्हणून क्षेत्रफळ फक्त ९.४ चौरस इंच. पण दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारे तेल पूर्ण १२.५७ चौरस इंचांचे. परिणामी अकरा गॅलन आत जाताना जवळजवळ पंधरा गॅलनच्या दराने तेल टाकीकडे धावते. जुना अर्धा इंची रिटर्न होज आणि पाच गॅलनच्या काळातला फिल्टर हे पेलू शकत नाहीत. तेल तापते, फिल्टरचा बायपास उघडाच राहतो आणि गाळण नावापुरती उरते. सक्शनच्या बाजूलाही तेच. होज किमान एक इंची, आखूड आणि टाकीच्या तळाजवळून हवा. ज्यांना सक्शनवर बारीक फिल्टर बसवायचा मोह होतो त्यांच्यासाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे, कारण थंडीत घट्ट झालेले तेल त्या फिल्टरमधून ओढताना पंप किंचाळतो आणि आतून कुरतडला जातो. सक्शनला जाडी जाळी, रिटर्नला बारीक फिल्टर. त्या भागातल्या हिवाळ्यात तेल ३२ ग्रेडचे घालावे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ६८ तिथे जानेवारीत मधापेक्षा घट्ट होते.

बदल करण्याआधी दुरुस्ती, आणि दुरुस्तीआधी मोजमाप, हा क्रम मी सोडलेला नाही. यंत्र दमते म्हणून पंप बदलला, मग व्हॉल्व्ह बदलला, आणि शेवटी दोष पिस्टनच्या सीलमध्ये निघाला, अशी कहाणी प्रत्येक वर्कशॉपात ऐकू येते. तपासणी अशी आहे. रॉड पूर्ण बाहेर काढा. इंजिन बंद करा, व्हॉल्व्हचा दांडा दोन्हीकडे हलवून उरलेला दाब सोडा. रॉडच्या बाजूचा होज काढा, त्या सुट्या होजला बूच लावा आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली बादली धरून ठेवेल असा स्टँड लावा. दूर उभे राहून इंजिन सुरू करा आणि दांडा पुन्हा पुढे करा. पिस्टन आधीच टोकाला आहे, त्यामुळे आता दुसऱ्या बाजूने तेल यायचे काही कारण नाही. सुरुवातीचे साचलेले थेंब सोडून धार लागली, तर पिस्टनचे सील गेले. कोरडे राहिले, तर सिलिंडर निर्दोष. पंप आणि रिलीफकडे बघा.

सीलबद्दल थोडे सविस्तर, कारण सगळ्या हायड्रॉलिकचा जीव तिथे आहे. बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे ब्लेझ पास्कलने सांगितले. त्याचा ग्रंथ १६६३ मध्ये, तो वारल्याच्या दुसऱ्या वर्षी, छापला गेला. त्यावरून दाबयंत्र बनवून जोसेफ ब्रामाने लंडनमध्ये पेटंट घेतले ते १७९५ मध्ये. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत तत्त्व ठाऊक होते, पण तत्त्वाने गळती थांबत नाही. रॉडभोवती पॅकिंग आवळले तर रॉड अडकायचा, सैल ठेवले तर पाणी उडायचे. उपाय निघाला तो चामड्याच्या वाटीचा. त्याचे श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ली या कारागिराला दिले जाते. वाटीची कड दाबाच्या दिशेला तोंड करून बसवायची. दाब वाढला की कड आपोआप पसरून रॉडला घट्ट धरते, दाब गेला की सोडते. आज चामड्याच्या जागी पॉलियुरेथेन आले, कल्पना तीच राहिली. म्हणूनच सील किट बसवताना कड उलटी बसली तर नवे कोरे सील पहिल्याच ओंडक्याला गळते. आणि रॉडवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सील कितीही भारी आणा, आठवड्यात कापले जाईल. आधी रॉड लेथवाल्याकडे, मग सील.

जुन्या यंत्राची दुसरी दुखरी जागा इंजिन आणि पंप यांच्या मध्ये असते. लव्हजॉय कपलिंग आपल्याकडच्या फिटरना नवे नाही. दोन दातेरी अर्धे आणि मध्ये रबरी स्पायडर. पंपाच्या ब्रॅकेटखाली करडी धातूची पूड साचलेली दिसली की समजावे, स्पायडर खाऊन संपला आहे आणि दात दातांवर आपटत आहेत. नवा बसवताना दोन्ही अर्ध्यांत अर्धा ते एक सूत जागा ठेवावी. कपलिंग हातोडीने ठोकून बसवणारा माणूस पंपाचे बेअरिंगही त्याच ठोक्यात घालवतो. इंजिन मात्र फारसे मनाला लावून घेऊ नये. टेकुम्सेने इंजिने बनवणे २००८ मध्ये थांबवले, ब्रिग्जच्या जुन्या इंजिनांचे सुटे भाग शोधत फिरावे लागते. होंडाच्या जीएक्स२०० च्या मापाची इंजिने कितीतरी कंपन्या बनवतात, बोल्टची भोके तीच, शाफ्ट पाऊण इंची. जुन्यावर प्रेम असेल तर ते शेडमध्ये जपून ठेवावे आणि नवे बसवावे.

मायदेशातून सुटे भाग आणणाऱ्यांसाठी एक इशारा. आपल्याकडे बहुतेक फिटिंग बीएसपी आट्यांचे असते, अमेरिकेत एनपीटी. अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींना इंचाला चौदाच आटे, त्यामुळे ते एकमेकांत फिरतातही. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. चार वेढे जातात, घट्ट झाल्यासारखे वाटते आणि दाब आला की गळते. वरून टेफलॉन टेप गुंडाळण्याने तर आणखी बिघडते. टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये अडकतात. एनपीटीला पेस्ट लावावी, तीही पहिला आटा मोकळा सोडून.

आता पाच इंची सिलिंडरच्या मोहाकडे परत येतो, कारण या पुस्तकात मला काही ठासून सांगायचे असेल तर ते हेच. चारच्या जागी पाच इंच बोअर घेतला की त्याच दाबाला ताकद छप्पन्न टक्के वाढते आणि त्याच पंपावर वेग त्याच हिशेबात घटतो. वेग गेला हे लगेच दिसते. ताकद कुठे गेली ते दिसत नाही. सिलिंडर बीमच्या वर बसलेला आहे, पाचर बीमच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. मधला ओंडका हटत नाही तोवर सगळा जोर त्या दोन टोकांना एकमेकांपासून दूर लोटत असतो, आणि जोराची रेषा बीमच्या वरून जाते म्हणून बीम कमानीसारखा वाकू पाहतो. पाचरीच्या मुळाशी जे वेल्डिंग आहे ते ओढले जाते. ते वेल्डिंग कुणीतरी, कधीतरी, साडेबारा टनांसाठी केले होते. त्याला तुमचा नवा आकडा माहीत नाही. ज्याने यंत्र बदलले तो त्या क्षणापासून त्याचा रचनाकार झाला. मूळ कारागिराच्या माथी काही मारता येत नाही. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू गेज न लावता आवळणारा हेच करतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. बीमला पट्ट्या जोडणे, पाचरीचे मूळ तापवून हायड्रोजन कमी सोडणाऱ्या ७०१८ रॉडने पुन्हा वेल्ड करणे, हे सगळे प्रकरण सातमध्ये आहे. ते वाचून झाल्याशिवाय मोठा सिलिंडर विकत घेऊ नये.

चार फाळ्यांची पाचर, ओंडका उचलणारा हात, बाजूचे टेबल या सोयी मी झटपट उरकल्या आहेत. टेबल मात्र जरूर करा. फुटलेला अर्धा भाग पायावर पडत नाही आणि दर वेळी वाकावे लागत नाही. कंबर वाचते, ती सिलिंडरपेक्षा महाग आहे.

धोक्यांसाठी वेगळे प्रकरण केलेले नाही, कारण असे प्रकरण कुणी वाचत नाही. जिथे धोका आहे तिथेच तो लिहिला आहे. दोन मात्र इथेच सांगतो. होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम डासाच्या चावण्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमवायची वेळ येते. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून शोधा. असे कधी झालेच, तर तडक हॉस्पिटल गाठा आणि दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे असे स्पष्ट शब्दांत सांगा. दुसरे, एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा ही जोडी बोटे तोडते. ज्याचे हात ओंडक्यावर, दांडाही त्याच्याच हातात. मागे जाताना दांडा आपोआप अडकून राहणारा डिटेंट व्हॉल्व्ह चालेल. पुढे जाताना मात्र हात सोडताच दांडा मध्यावर आलाच पाहिजे. वेळ वाचवायला तो दोरीने बांधून ठेवलेले यंत्र विकायला निघाले असेल, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

पुस्तकातली मापे इंच, गॅलन आणि पीएसआयमध्येच ठेवली आहेत, कारण यंत्रावर आणि दुकानात तीच भेटतील. आकडेमोड प्रत्येक वेळी पूर्ण करून दाखवली आहे, तुमच्या यंत्राचे आकडे घालून ती पुन्हा करावी. आणि पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करा: ० ते ५००० पीएसआयचे, ग्लिसरीन भरलेले एक गेज आणि एक टी विकत आणा, ते पंपाच्या बाहेर पडणाऱ्या होजवर बसवा, आणि यंत्र आहे त्या स्थितीत चालवून किती दाब येतो ते वहीत लिहून ठेवा. पुढचे प्रत्येक प्रकरण तो आकडा मागणार आहे.